डाऊनी, फवारणीची वही आणि अकरा नंबर

डाऊनीवर, म्हणजे द्राक्षावरच्या डाऊनी मिल्ड्यू किंवा केवडा रोगावर, काम करायचं म्हटलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते, हिला प्लेटमध्ये वाढवता येत नाही. बाकीच्या बुरशा कशा, बटाट्याचा काढा आणि साखर घातलेल्या अगरवर (जेलीसारख्या माध्यमावर) टाकल्या की चार-सहा दिवसात प्लेट भरते, स्लँट करून (नळीत तिरक्या अगरवर वाढवून) फ्रीजमध्ये ठेवल्या की महिनोन्‌महिने टिकतात, तुम्ही खुशाल दिवाळीला घरी जाऊन या. डाऊनीला जिवंत द्राक्षाचं पान लागतं, तेही फार जून नको फार कोवळं नको, आणि त्याला औषधाचा थेंबसुद्धा लागलेला नको. वर आणि दर आठ-दहा दिवसांनी ताज्या पानावर हलवली नाही की मेलीच. माझा पीएचडीचा विषय होता महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांमधल्या डाऊनीत कुठल्या औषधांना रेझिस्टन्स आलाय, म्हणजे कुठली औषधं तिच्यावर चालेनाशी झालीत, ते तपासणं, आणि डाऊनीचा सीझन म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने, म्हणजे बरोब्बर दिवाळी. त्यामुळे फराळ कुरियरने पाठवायचा हे घरी न बोलता ठरून गेलं होतं.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध फक्त खाण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल येतो तो या दुसऱ्या छाटणीचा. युरोपात हिवाळ्यात वेल पानं गाळून मोकळी होते, आपल्याकडे ती जवळपास वर्षभर हिरवी, म्हणजे डाऊनीला वर्षभर राहायची सोय. पावसाळ्यात जुन्या पानांवर ती मजेत बसलेली असते, त्या पानांवर तेव्हा कोणी खर्च करत नाही कारण ती छाटणीत जाणारच असतात, मग छाटणी होते, पोंगे (कोवळे फुटवे) फुटतात, परतीचा पाऊस येतो आणि पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या काळात ती एकदा घडावर चढली की तो घड गेला म्हणून समजायचं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी पाठोपाठ वादळं आली, पाऊस थांबायलाच तयार नाही, तेव्हा नाशिक भागात डाऊनी आणि गळकुजीने जे केलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आणि हो, डाऊनी शास्त्रीयदृष्ट्या बुरशी नाहीच. दिसते बुरशीसारखी, वागते बुरशीसारखी, पण नातं तिचं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी, पेशीभित्तिका कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोजची. हे नुसतं परीक्षेत लिहायला नाही, याचा शेतात थेट परिणाम होतो, कारण भुरी या पानांवर पांढरी पावडर आणणाऱ्या दुसऱ्या रोगावर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनवण्याच्या कामात खोडा घालतात आणि डाऊनी ते स्वतः बनवतच नाही, त्यामुळे तिला त्या औषधाचं काही सोयरसुतक नाही. तरीपण "भुरी-डाऊनी दोन्हीवर चालतं" म्हणून ट्रायझोल आणि स्ट्रोबिलुरिन या दुसऱ्या गटातल्या औषधाचं मिश्रण विकलं जातं, त्यातलं डाऊनीसाठीचं जे असतं ते स्ट्रोबिलुरिन. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पानं. औषध न लागलेली पानं पाहिजेत म्हणजे स्वतःच्या वेली पाहिजेत, म्हणून आम्ही शेडनेटमध्ये कुंड्यांमध्ये थॉमसन या द्राक्षाच्या जातीच्या काड्या लावल्या. आणि मग मला कळलं की महाराष्ट्रात एकही फवारणी न करता द्राक्षाची वेल निरोगी ठेवणं म्हणजे काय असतं. भुरी येते, थ्रिप्स येतात, उडद्या येतो, लाल कोळी येतो, पिठ्या ढेकूण येतो, आणि तुम्ही वनस्पती रोगशास्त्रात पीएचडी करताय आणि तुम्हाला साधं गंधकसुद्धा मारता येत नाही. सकाळी उठून पाण्याच्या फवाऱ्याने पानं धुवायची, किडे हाताने वेचायचे, भुरी दिसली की ते पान तोडायचं. आमच्या शेडवर काम करणारे एक मामा होते, माणूस सोन्यासारखा, त्यांना माझी दया आली, त्यांनी एका रविवारी चांगल्या मनाने सगळ्या कुंड्यांवर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारून ठेवलं आणि सोमवारी मला सांगितलं, "मॅडम, आता बघा कशी टवटवीत राहतात." राहिली टवटवीत. त्या पानांवर पुढे डाऊनी लागेचना, नवीन फूट येईपर्यंत सगळं काम थांबलं. मामांना काय बोलणार, त्यांचं औषध तर व्यवस्थित काम करत होतं.

नमुने गोळा करायला निफाड, दिंडोरी, चांदवडकडे आणि तिकडे तासगाव-मिरज-कवठेमहांकाळ, असं फिरणं व्हायचं. पहाटे जायचं, कारण डाऊनीचा पांढरा थर पानाच्या मागच्या बाजूला रात्रीच्या अंधारात आणि दमट हवेत उगवतो, ऊन चढलं की तो सुकतो आणि मग नुसता तेलकट पिवळा डाग उरतो. पण गंमत म्हणजे लॅबसाठी तो पिवळा डागच जास्त बरा, पांढरं आलेलं पान पिशवीत कोंबलं तर बीजाणू वाटेतच मरतात. मी ताजे तेलकट डाग असलेली पानं ओल्या टिश्यूत गुंडाळून पाऊचमध्ये, पाऊच आइसबॉक्समध्ये, आणि नावं पेन्सिलने लिहायची, कारण पेनाची शाई ओलीत पसरते. मग लॅबमध्ये आणून पानं धुऊन पुसून रात्रभर ओलसर डब्यात अंधारात वीस-बावीस अंशाला ठेवली की सकाळी ताजा पांढराशुभ्र थर तयार. शेतकऱ्याला ज्या गोष्टीने धडकी भरते ती बघून मला आनंद व्हायचा, हे जरा विचित्रच आहे.

शेतकरी आधी संशयाने बघतात. कोण कंपनीचं आलंय, काय विकायला आलंय. काही विकायचं नाही, फक्त रोगट पानं पाहिजेत म्हटल्यावर एका तासगावच्या अण्णांनी मला नीट वरखाली बघितलं आणि म्हणाले, "पायजेत तेवढी न्या, पैसं नको." पण खरी गोष्ट पुढे असायची. पानं घेतल्यावर मी फवारणीची वही मागायचे. एक्सपोर्टवाल्या प्लॉटमध्ये तर ती असतेच, नोंदी ठेवाव्याच लागतात, पण बाकीचेही बरेच जण ठेवतात आणि अतिशय नीट ठेवतात.

निफाड तालुक्यातल्या एका नानांच्या बागेतली वही मला अजून तोंडपाठ आहे. वही त्यांची सून लिहायची, अक्षर एकदम सुबक, छाटणीची तारीख, कुठल्या दिवशी किती पाऊस, कुठलं औषध, किती पाणी, ब्लोअर कोणी चालवला, सगळं. नाना चिडलेले होते, घडाच्या दांड्यावर डाऊनी आलेली. म्हणाले, "मॅडम, लोक म्हणतात तेच तेच औषध मारता म्हणून सवय होते. मी एकपण औषध रिपीट नाही केलेलं. बघा तुम्हीच." आणि खरंच नव्हतं केलेलं. आधी ॲझॉक्सिस्ट्रोबिन. मग फेनामिडोन आणि मॅन्कोझेबचं मिश्रण. मग फॅमॉक्सॅडोन आणि सायमोक्झॅनिल. मग पायराक्लोस्ट्रोबिन आणि मेटिराम. मध्ये भुरीसाठी म्हणून ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन आणि टेब्युकोनॅझोल. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळे डबे, वेगवेगळे भाव, दुकानदाराने प्रत्येक वेळी "हे नवीन आलंय" म्हणून दिलेलं.

मी वहीच्या समासात पेन्सिलने आकडे टाकत गेले. अकरा. अकरा. अकरा. अकरा. अकरा.

हा अकरा म्हणजे काय तर फ्रॅक म्हणून एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, औषध कंपन्यांच्याच तज्ज्ञांची, त्यांनी प्रत्येक बुरशीनाशकाला ते रोगाच्या पेशीत नेमकं कुठे मार देतं त्यावरून नंबर दिलेत. मेटॅलॅक्झिल चार नंबर, डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डिप्रोपामिड चाळीस, सायमोक्झॅनिल सत्तावीस, ट्रायझोल तीन, मॅन्कोझेब आणि मेटिराम एम-तीन, आणि ही सगळी स्ट्रोबिलुरिन, शिवाय नावावरून अजिबात तशी न वाटणारी फेनामिडोन आणि फॅमॉक्सॅडोन, ही सगळी अकरा. सगळी पेशीतल्या एकाच प्रोटीनवर एकाच जागी जाऊन बसतात. नाव बदललं, कंपनी बदलली, पण डाऊनीच्या दृष्टीने नानांनी पाच वेळा तेच औषध मारलं होतं. मी हे समजावत होते तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे चार दुकानांतून साखर आणली तरी चहात साखरच पडणार ना ताई." मी नंतर कितीतरी चर्चासत्रांमध्ये हे वाक्य वापरलंय, त्यांना सांगून.

आता नानांची चूक काय सांगा. त्यांना 'आलटून पालटून मारा' असं सांगितलं गेलं होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं. बाटलीवरच्या बारीक अक्षरात हा नंबर सापडेलच याची खात्री नाही, सापडला तर त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर 'शेतकरी अंदाधुंद फवारणी करतात म्हणून रेझिस्टन्स आला' या वाक्याचा. अंदाधुंद करणारेही असतात, पण त्या वहीतलं काम अंदाधुंद नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट बघा, ही मला स्वतःला उशिरा लक्षात आली. त्या वहीतल्या मिश्रणांमध्ये अकरा नंबरचा जोडीदार कोण होता, मॅन्कोझेब, सायमोक्झॅनिल, मेटिराम. डाऊनीचा जो काही बंदोबस्त होत होता तो हे जोडीदार करत होते आणि श्रेय महागड्या अकरा नंबरला जात होतं. त्यामुळे औषध पूर्ण फेल गेलंय हे कोणाला दिसतच नाही, अर्धवट चालतंय असं वाटत राहतं, मग डोस वाढवला जातो, दोन फवारण्यांमधलं अंतर कमी केलं जातं. रेझिस्टन्स असा झाकून राहतो. तो उघडा पाडायचा तर औषध एकटं वापरून बघावं लागतं, आणि तेच लॅबमध्ये आम्ही करत होतो.

ती टेस्ट ऐकायला सोपी आहे. आपल्या कुंडीतल्या वेलीचं शेंड्यापासून तिसरं-चौथं-पाचवं पान घ्यायचं, कॉर्क बोररने गोल चकत्या पाडायच्या, अगरवर उलट्या ठेवायच्या म्हणजे पानाची मागची बाजू वर, कारण डाऊनी पर्णरंध्रांतून शिरते आणि ती मागच्या बाजूला असतात. औषधाची वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं, एक बिनऔषधाचं, मग पुढे प्रत्येक वेळी दहापट, शेवटी शंभर पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग). ती चकत्यांवर मारायची, वाळू द्यायची, मग डाऊनीच्या बीजाणूंचा थेंब प्रत्येक चकतीवर. एक रात्र अंधार, मग बारा-बारा तास उजेड-अंधार, तापमान बावीसच्या आसपास, आणि सहा-सात दिवसांनी बघायचं की कुठल्या चकतीवर पांढरं उगवलं. ऐकायला सोपी, करायला नाही, कारण एका नमुन्याला इतक्या तीव्रता, प्रत्येक तीव्रतेच्या इतक्या चकत्या, असे दहा-बारा नमुने एकदम हाताशी आणि डाऊनी तुमच्यासाठी थांबत नाही, आज पांढरं आलंय तर आजच लावा. लॅबमध्ये रात्री दोन वाजता चकत्या मोजत बसणं हे ऑक्टोबर-नोव्हेंबरचं नॉर्मल आयुष्य. त्यात वीज गेली की इन्क्युबेटरचं तापमान तीसवर आणि डाऊनीला तीस अजिबात मानवत नाही. जनरेटरवाल्या काकांचा नंबर माझ्या फोनमध्ये आईच्या नंबरच्या वर सेव्ह होता.

एक दृश्य मात्र मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखं असतं आणि ते बघितल्यावर मला आलेख-बिलेख काढायच्या आधीच उत्तर कळलं होतं. पानावर जे पांढरं दिसतं ते म्हणजे लिंबाच्या आकाराच्या बारीक थैल्या. त्या गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडून तास-दीड तास थांबलं की प्रत्येक थैलीचं टोक उघडतं आणि आतून चार-सहा झूस्पोर (पोहणारे बीजाणू) बाहेर पडतात, प्रत्येकाला दोन शेपट्या, आणि ते पाण्यात सैरावैरा पोहत सुटतात. शेतात पानावर दव असतं तेव्हा हेच होतं, पोहत पोहत पर्णरंध्र गाठायचं, तिथे शेपट्या टाकून द्यायच्या आणि आत नळी घालायची. पोहायला ताकद लागते आणि अकरा नंबरचं औषध नेमकं पेशीची ताकद तयार करणारी मायटोकॉन्ड्रियातली साखळी तोडतं. म्हणून संवेदनशील, म्हणजे औषधाला बळी पडणाऱ्या, डाऊनीच्या थेंबात औषध घातलं की बघता बघता झूस्पोर मंद होतात, जागच्या जागी थरथरतात आणि थांबतात. आमच्याकडे जुन्या, दुर्लक्षित, कोणी वर्षानुवर्षं फवारणी न केलेल्या परसातल्या एका वेलीवरून आणलेला नमुना होता, त्याचं असंच व्हायचं. मग मी नानांच्या बागेतला नमुना लावला, ॲझॉक्सिस्ट्रोबिन दहा पीपीएम. पोहतायत. शंभर पीपीएम, म्हणजे शेतात टाकीत पडतं त्याच्या जवळपास. तरी पोहतायत, वळतायत, एकमेकांना आपटून परत फिरतायत. मी शेजारच्या मुलीला बोलावून दाखवलं, ती म्हणाली "औषध घातलंयस ना नक्की?" घातलं होतं.

आणि जवळपास सगळीकडून आलेल्या नमुन्यांमध्ये हीच कथा, नाशिक काय आणि सांगली काय. यात मी काही जगावेगळा शोध लावला असं नाही हेही सांगायला पाहिजे, महाराष्ट्रातल्या डाऊनीत अकरा नंबरचा रेझिस्टन्स असल्याची नोंद मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ सालीच प्रसिद्ध केली होती. ॲझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आलं १९९६ मध्ये आणि १९९८ मध्ये उत्तर जर्मनीत गव्हावरच्या भुरीने त्याला दाद देणं बंद केलं होतं. त्याआधी मेटॅलॅक्झिलचं तेच, १९७७ च्या सुमाराला आलं, १९८० मध्ये आयर्लंड आणि हॉलंडमध्ये बटाट्याच्या लेट ब्लाइट या करपा रोगावर फेल. म्हणजे जगाला माहीत होतं हे असंच होतं, तरी आपल्याकडे तेच.

पुढचं काम जीनचं. डाऊनीचा डीएनए काढायचा, सायटोक्रोम बी या जीनच्या तुकड्याच्या पीसीआरने भरपूर प्रती करायच्या आणि त्या सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं वाचायला, पाठवायच्या. त्या प्रोटीनमध्ये १४३ व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असतं, रेझिस्टंट डाऊनीमध्ये तिथे ॲलनिन येतं, जी१४३ए म्हणतात त्याला. डीएनएमध्ये फक्त एक अक्षर बदलतं, जी च्या जागी सी. बस एवढंच. एका अक्षराने औषध बसायची जागा अडते आणि गटातली सगळी औषधं एकदम निकामी, त्यात कमी-जास्त असं फारसं नाही. रिपोर्टची फाइल उघडून त्या एका अक्षरापाशी जाऊन बघायचं, सी, सी, सी, परत सी. परसातल्या वेलीचं जी.

चाळीस नंबरचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं निघालं आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त आवडलं. डायमेथोमॉर्फ, मॅन्डिप्रोपामिड ही औषधं सेल्युलोज बनवणाऱ्या प्रोटीनवर बसतात, तिथेही एक अक्षर बदललं की रेझिस्टन्स येतो. पण डाऊनीमध्ये या जीनच्या दोन प्रती असतात आणि हा बदल रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच रेझिस्टन्स दिसतो, एकच बदललेली असेल तर औषध चालतं. अकरा नंबरची सायटोक्रोम बी जीन मायटोकॉन्ड्रियात असते, तिला असली काही आडकाठी नाही, म्हणून अकरा नंबर झटकन गेला आणि चाळीस जरा सावकाश चाललाय. सावकाश म्हणजे जात नाहीये असं नाही, भारतातही त्याच्या नोंदी झाल्यात. माझ्याकडे असे नमुने आले की ज्यांच्या ग्राफमध्ये त्या एका जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक, म्हणजे एक प्रत साधी आणि एक बदललेली. चकतीवर बघाल तर एकदम साधीसुधी संवेदनशील डाऊनी. शेतकऱ्याला काहीच कळणार नाही, औषध झकास चालतंय. पण त्या बागेत दोन तशा डाऊनींचा संकर झाला की काही पोरं पूर्ण रेझिस्टंट निघणार. अशा बागेत चाळीस नंबर वर्षाला किती वेळा मारायचा हा प्रश्न आजच विचारायला हवा, आणि तो विचारायला कोणाला वेळ नसतो कारण आज तर चालतंय ना.

चकतीवरचं शेतातही खरं आहे का हे बघायला शेतात ट्रायल घ्यावी लागते आणि ट्रायलला कंट्रोल लागतो, म्हणजे काही वेली अजिबात औषध न मारता सोडायच्या. हे शेतकऱ्याला सांगून बघा एकदा. डाऊनीच्या दिवसात बिनफवारणीच्या वेली ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या बागेलाही धोका, शेजारी भांडायला येतो. शेवटी नानांनीच बागेच्या कडेच्या, माल कमी असलेल्या काही वेली दिल्या, ते पण सूनबाईंनी भांडून दिल्या. नुसतं ॲझॉक्सिस्ट्रोबिन मारलेल्या वेली आणि काहीच न मारलेल्या वेली शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि चिठ्ठी वाचल्याशिवाय कुठल्या कुठल्या ते मलाही सांगता येत नव्हतं. नुसतं मॅन्कोझेब, तेही पावसाच्या आधी मारलेलं, त्या वेली लांबूनच ओळखू यायच्या.

हे घेऊन एका चर्चासत्रात बोलायला उभी राहिले तेव्हा एका कंपनीचे प्रतिनिधी उठून म्हणाले, लॅबमधलं शेतात लागू होतंच असं नाही. मुद्दा चुकीचा नव्हता, म्हणूनच तर ट्रायल घेतली होती, फोटो दाखवले. मग मागून एक आवाज आला, "ते सगळं खरं ओ, पण मग मारायचं काय ते सांगा." आणि हाच खरा अवघड प्रश्न आहे. कारण उत्तर नवीन नाही, चकचकीत नाही. पाऊस यायच्या आधी मॅन्कोझेब नाहीतर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण), पाऊस येऊन गेल्यावर नाही. फ्रान्समध्ये मिलार्देने बोर्डो मिश्रण लोकांपुढे आणलं १८८५ मध्ये, तांबं डाऊनीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी मार देतं त्यामुळे एका अक्षराने काम भागत नाही, इतक्या वर्षांत डाऊनीला त्याच्यापुढे पळवाट सापडलेली नाही. चाळीस, पंचेचाळीस, एकवीस असले एकाच जागी मारणारे नंबर मोजून, सीझनला एक-दोन वेळा, आणि कायम अशा जोडीदाराबरोबर. छाटणीआधी जुन्या पानांवरची डाऊनी कमी करा, छाटलेला पाला बागेत ठेवू नका. आणि डाऊनीच्या दिवसात भुरीसाठी म्हणून स्ट्रोबिलुरिन मारू नका, भुरीच्या नावाने मारलेल्या प्रत्येक अकरा नंबरने त्याच पानावरची साधी डाऊनी मरते आणि रेझिस्टंट तेवढी मागे राहते.

अर्थात यातही अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मॅन्कोझेबचे डाग मण्यांवर राहतात, रेसिड्यूचा (फळावर उरलेल्या औषधाचा) प्रश्न येतो, घड मोठे झाले की ते हातातून जातं. युरोपने तर २०२० च्या डिसेंबरात मॅन्कोझेबची मान्यताच काढून घेतली, आरोग्याच्या कारणाने, आणि ती कारणं खोटी नाहीत. तांब्याचं मातीत साठणं वेगळंच. म्हणजे ज्या औषधांना रेझिस्टन्स येत नाही ती एकेक करून बाजूला होतायत आणि ज्यांना येतो ती उरतायत. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. सभागृहातही नव्हतं, तसं सांगितलं, दोन-तीन जण उठून चहाला गेले.

थीसिस जमा झाला, पेपर गेला, रिव्ह्यूअरने आणखी नमुने मागितले, ते सगळं नेहमीचं. पण माझ्या फोनवर मात्र एक वेगळंच काम सुरू झालं. नानांच्या सूनबाई दुकानातून औषध घ्यायच्या आधी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवतात. मी नुसता नंबर लिहून पाठवते. त्यांच्यामुळे गावातल्या आणखी बायका पाठवायला लागल्या, मग एक ग्रुप झाला, आता त्यात माझ्याआधी त्याच एकमेकींना उत्तरं देतात, "ताई हे ११+३ आहे, भुरीला एकवेळ ठीक, डाऊनीला पैसे वाया". मागच्या ऑक्टोबरात संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला, दुकानातूनच, आभाळ भरून आलेलं होतं. म्हणाल्या, "ताई, हे आमचे दुकानदार ऐकत नाहीत, तुम्हीच बोला," आणि फोन त्यांच्या हातात दिला. मी मनात म्हटलं झालं आता, भांडण. दुकानदार एकदम शांतपणे म्हणाले, "मॅडम, सत्तावीस विथ एम-तीन माझ्याकडे आहे, ते मी काढून ठेवलंय. यांना पंचेचाळीसवालं पाहिजे, ते उद्या गाडीत येतंय. उद्या दिलं तर चालेल का?"

मी म्हटलं पाऊस आज रात्री आहे, आज सत्तावीसवालंच द्या, आणि उद्याच्या त्या पंचेचाळीसवाल्यात चाळीस पण मिसळलेलं असतं, तेवढं वहीत दोन्ही नंबर लिहायला सांगा.